आईंनी लेट्रोझोल बंद केले आहे: ते पुन्हा सुरू करण्याआधी काय तपासावे

तुमचा प्रश्न इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. तुमच्या आई 49 वर्षांच्या आहेत आणि कराडजवळच्या गावी राहतात. गेल्या वर्षी त्यांच्या डाव्या स्तनातील 3 सेंटिमीटरची गाठ शस्त्रक्रियेने काढली, काखेतील दोन गाठींमध्ये आजार सापडला, आणि तपासणीत ई.आर. व पी.आर. पॉझिटिव्ह (म्हणजे स्त्री-संप्रेरकांवर वाढणारा कर्करोग), हर-टू (पेशी वाढवणारे एक प्रथिन) निगेटिव्ह असा अहवाल आला. केमोथेरपी आणि शेक संपल्यावर लेट्रोझोल 2.5 मिलिग्रॅमची रोज एक गोळी सुरू झाली. काही महिन्यांतच सकाळी उठल्यावर बोटे मिटेनाशी झाली, जिना उतरताना गुडघे धरू लागले, आणि आईंनी कोणालाही न सांगता गोळी सोडली. दीड महिन्याने डब्यात न उघडलेल्या स्ट्रिप सापडल्या, तेव्हा ते तुम्हाला कळले. या खंडाने किती नुकसान झाले, गोळी बदलून मिळेल का, हाडांची काळजी कशी घ्यावी आणि मावशींनी सुचवलेला शतावरी कल्प चालेल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. पत्राच्या अखेरीस जाता जाता तुम्ही लिहिले आहे की आईंची पिशवी 37 व्या वर्षीच काढली असल्याने पाळीचा प्रश्नच नाही. कर्करोगाच्या औषधोपचारात चोवीस वर्षे घालवलेल्या मला तुमच्या संपूर्ण पत्रात हेच वाक्य सर्वांत महत्त्वाचे वाटले, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करते.

आईंचा कर्करोग ज्यावर वाढतो ते इस्ट्रोजेन हे संप्रेरक स्त्रीच्या शरीरात दोन ठिकाणांहून येते. पाळी चालू असण्याच्या वयात त्याचा मोठा पुरवठा अंडाशयांतून होतो. पाळी गेल्यावर अंडाशय थंडावतात, तरीही इस्ट्रोजेन पूर्ण संपत नाही, कारण मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून निघणाऱ्या काही संप्रेरकांचे चरबी, स्नायू आणि खुद्द स्तनाच्या ऊतींमध्ये अॅरोमाटेज नावाच्या विकराच्या मदतीने इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होत राहते. लेट्रोझोल, अॅनास्ट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन या तीन गोळ्या हे विकर बंद पाडतात. अंडाशय झोपलेले असतील तर या गोळ्यांनी शरीरातील इस्ट्रोजेन जवळजवळ नाहीसे होते. अंडाशय जागे असतील तर मात्र उलटाच प्रकार घडतो: इस्ट्रोजेन कमी झाल्याचे मेंदूला कळते, तो अंडाशयांना चेतवणारी संप्रेरके अधिक सोडतो आणि अंडाशय जोमाने कामाला लागतात. मूल होत नसलेल्या स्त्रीला स्त्रीरोगतज्ज्ञ अंडे तयार व्हावे म्हणून पाच दिवस जी लेट्रोझोल देतात, ती याच गुणामुळे. म्हणजे अंडाशय काम करत असलेल्या स्त्रीला एकट्या लेट्रोझोलवर ठेवणे म्हणजे नळ बंद केल्याच्या समजुतीत तो अधिक उघडण्यासारखे आहे.

पिशवी काढल्यावर पाळी थांबते, परंतु अंडाशय जागेवर असतील तर ते आपले काम पुढे बरीच वर्षे करत राहतात. आपल्याकडे तिशी-पस्तिशीत पिशवी काढलेल्या स्त्रिया किती आहेत, हे 2019 मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांच्या शस्त्रक्रियांची चर्चा होऊन सरकारला चौकशी समिती नेमावी लागली तेव्हा शहरातल्या लोकांना समजले. आमच्या बाह्यरुग्ण विभागात ते रोजच दिसत होते. अशा स्त्रीला आम्ही विचारतो, "पाळी कधी गेली?" ती खरे तेच सांगते, "बारा वर्षे झाली." घाईत असलेला डॉक्टर पाळी गेली असे कागदावर लिहितो आणि पुढची सगळी निवड त्या एका शब्दावर उभी राहते. ही चूक माझ्या हातूनही एकदा होता होता राहिली होती. तेव्हापासून मी पाळीचा प्रश्न कधीच एकटा विचारत नाही, त्याला जोडून पिशवी आणि अंडाशय असे दोन वेगळे प्रश्न विचारते.

त्यामुळे पहिले काम असे, की त्या जुन्या शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड शोधा. त्यावर बी.एस.ओ. अशी अक्षरे असतील तर दोन्ही अंडाशय काढलेले आहेत आणि आईंसाठी लेट्रोझोल ही निवड योग्यच होती. कार्ड सापडले नाही, तर ओटीपोटाची सोनोग्राफी आणि रक्तातील इस्ट्रॅडिओल (इस्ट्रोजेनचा मुख्य प्रकार) व एफ.एस.एच. (अंडाशयांना चेतवणारे मेंदूकडचे संप्रेरक) या दोन तपासण्या करून घ्याव्या लागतील. केमोथेरपीने अंडाशय काही काळ मूर्च्छित होतात आणि चाळिशीच्या उत्तरार्धातही कित्येकदा महिन्यांनंतर पुन्हा जागे होतात. तुमच्या आईंना पिशवी नसल्याने ते जागे झाले तरी अंगावरून काही जाणार नाही आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून एका अहवालावर विसंबू नये. ही तपासणी ठरावीक काळाने पुन्हा करावी, आणि शक्य असेल तिथे इस्ट्रॅडिओल मास स्पेक्ट्रोमेट्री पद्धतीने मोजणाऱ्या प्रयोगशाळेत नमुना पाठवावा, कारण नेहमीच्या पद्धती अगदी कमी पातळीवर फसव्या ठरतात. लेट्रोझोलचा अंश दोन आठवड्यांत शरीरातून जवळपास निघून जातो, त्यामुळे आईंच्या दीड महिन्याच्या खंडाचा अनायासे एक उपयोग झाला आहे: आत्ता घेतलेले रक्त अंडाशयांची खरी स्थिती सांगेल. मात्र या तपासणीसाठी खंड आणखी लांबवू नका. रक्त याच आठवड्यात द्यावे.

अंडाशय काम करत आहेत असे निघाले तर दोन मार्ग आहेत. एक म्हणजे टॅमॉक्सिफेन, 20 मिलिग्रॅम रोज. ही गोळी इस्ट्रोजेन कमी करत नाही; कर्करोगाच्या पेशीवर इस्ट्रोजेनला बसायची जी जागा असते ती अडवून धरते, म्हणून अंडाशय जागे असोत वा झोपलेले, ती काम करते. दुसरा मार्ग म्हणजे अंडाशय थंड करणे आणि त्यासोबत लेट्रोझोल किंवा एक्झेमेस्टेन देणे. त्यासाठी गोसेरेलिन 3.6 मिलिग्रॅमचे इंजेक्शन दर 28 दिवसांनी पोटाच्या कातडीखाली देतात, किंवा दुर्बिणीने दोन्ही अंडाशय कायमचे काढतात. सॉफ्ट आणि टेक्स्ट या दोन मोठ्या अभ्यासांनंतर, काखेत आजार गेलेल्या आणि पाळी न गेलेल्या स्त्रियांत आम्ही हा दुसरा मार्ग अधिक विचारात घेतो. गंमत अशी की या आजारावरचा पहिला संप्रेरक-उपचार हाच होता: ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीट्सन यांनी 1896 मध्ये, इस्ट्रोजेनचे नावही कोणाला ठाऊक नसताना, अंडाशय काढल्यावर स्तनाचा पसरलेला कर्करोग आक्रसतो हे लिहून ठेवले होते. इंजेक्शनचा मार्ग निवडला तर तारखेचा नेम काटेकोर हवा. "या महिन्यात लग्नसराई आहे, पुढच्या महिन्यात घेऊ" असे केले की मधल्या काळात अंडाशय जागे होतात आणि सोबतची लेट्रोझोल पुन्हा उलटी फिरते. गावाहून दर चार आठवड्यांनी तालुक्याला जाणे अवघड असेल, तर अंडाशय काढण्याचा विचार डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावा; काही घरांसाठी तो अधिक सुरक्षित ठरतो.

आता खंडाविषयी. पाच वर्षांच्या उपचारात दीड महिन्याचा खंड पडला म्हणून आजार परतलाच असे समजून घाबरू नका आणि आईंनाही घाबरवू नका. खंड पडला तर राहिलेल्या गोळ्यांची भरपाई म्हणून रोज दोन घ्यायच्या नसतात. माझी खरी काळजी अशी आहे की दीड महिना गोळीविना बरा गेला, सांधे मोकळे झाले, तर तेच पुढे चालू राहील. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात आठ हजारांहून अधिक स्त्रियांच्या औषधखरेदीच्या नोंदी तपासून 2010 मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात साडेचार वर्षांपर्यंत नेमाने आणि पूर्ण काळ गोळी घेतलेल्या स्त्रिया निम्म्याच निघाल्या, 49 टक्के. त्या निष्काळजी होत्या असे मी मानत नाही. गाठ दिसत नाही, दुखत नाही. दुखते ते गोळीने. अशा वेळी गोळी हाच आजार वाटू लागतो.

पण हा आजार उशिरा परतणारा आहे, हे आईंना एकदा शांतपणे सांगायला हवे. संप्रेरकांवर वाढणारा कर्करोग पहिल्या दोन-तीन वर्षांतच परततो असे नाही. जगभरातील 88 अभ्यासांतील सुमारे 63 हजार स्त्रियांची माहिती एकत्र करून 2017 मध्ये जे विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात पाच वर्षे उपचार घेऊन त्या वेळी निरोगी असलेल्या स्त्रियांनाही पुढच्या पंधरा वर्षांत आजार दूरच्या अवयवांत परतण्याची शक्यता उरलेली दिसली: गाठ 2 सेंटिमीटरपेक्षा मोठी आणि काखेत एक ते तीन गाठींत आजार, म्हणजे तुमच्या आईंसारखी स्थिती असल्यास, सुमारे 26 टक्के. उलट बाजूही तितकीच भक्कम आहे. पाच वर्षांच्या टॅमॉक्सिफेनने पहिल्या पंधरा वर्षांतील या आजारामुळे होणारे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी होतात, आणि पाळी गेलेल्या स्त्रियांत अॅरोमाटेज रोखणाऱ्या गोळ्या त्याहूनही थोड्या सरस ठरतात. एका छोट्याशा गोळीकडून एवढे काम करून घेणारे दुसरे औषध माझ्या कपाटात फारसे नाही.

सांधेदुखीकडे वळते, कारण गोळी सुटली ती त्यामुळे. ही दुखणी खरी असतात. "मनाचे खेळ आहेत" किंवा "वय झाले" असे म्हणून ती झटकणाऱ्यांशी, त्यात आमचे काही व्यवसायबंधूही आले, मी सहमत नाही. इस्ट्रोजेन अचानक खाली गेल्याने बोटे, मनगटे आणि गुडघे सकाळी आखडतात, हालचाल सुरू झाली की मोकळे होतात, हाताला मुंग्या येतात. बहुतेकींना त्रास पहिल्या दोन-तीन महिन्यांत सुरू होतो आणि सहाव्या महिन्याच्या आसपास शिगेला पोहोचतो. म्हणजे आईंनी गोळी सोडली ती नेमक्या सर्वांत वाईट टप्प्यावर. उपाय करण्याआधी मात्र हे दुखणे गोळीचेच आहे का, ते पाहावे. सांधे सुजून लाल होत असतील तर संधिवाताच्या तपासण्या कराव्यात. गेल्या पावसाळ्यात चिकुनगुनिया होऊन गेला असेल तर त्याचे दुखणे महिनोन्‌महिने रेंगाळते, आणि आपल्या भागात ही शक्यता नेहमी विचारायला हवी. थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व तपासावे. आणि एक वेगळे लक्षण ध्यानात ठेवा: पाठीच्या कण्यात, कमरेत किंवा बरगडीत एकाच जागी, रात्री झोपेतून उठवणारे, दिवसेंदिवस वाढणारे दुखणे हे गोळीचे नव्हे असे समजून लगेच दाखवावे.

गोळीचेच दुखणे असेल तर पहिला उपाय चालणे हा आहे, आणि मी तो बोलायचा म्हणून बोलत नाही. अॅरोमाटेज रोखणाऱ्या गोळ्यांनी सांधे दुखणाऱ्या स्त्रियांवर अमेरिकेत झालेल्या होप नावाच्या अभ्यासात, आठवड्याला 150 मिनिटे दम लागेल असे चालणे आणि दोन वेळा स्नायू बळकट करणारे व्यायाम वर्षभर केलेल्या गटात दुखणे जवळजवळ 30 टक्क्यांनी उतरले. गावातल्या बाईला "व्यायाम करा" म्हटले की ती म्हणते, दिवसभर कामच करते. शेतातले वाकून केलेले काम आणि ताठ पाठीने, सलग अर्धा तास, झपझप चालणे यांत फरक आहे. मी सहसा सकाळी देवळापर्यंत जाऊन परत येण्याचे अंतर ठरवून देते, कारण तेवढे घरचे लोक मोडू देत नाहीत. शिवाय पाण्याच्या भरलेल्या बाटल्या हातात घेऊन दंड वर-खाली करणे आणि खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे, एवढे पुरते. सोबत गरजेपुरते पॅरासिटामॉल घ्यावे. सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या रोज घेतल्या तर मूत्रपिंडे आणि जठर बिघडतात. तेवढ्याने भागले नाही, तर ड्युलोक्सेटिन नावाची गोळी आम्ही देतो. ती या दुखण्यावर चाचणीत उपयोगी ठरली आहे. कुठल्याही नावाची नसलेली, पुडीतून मिळणारी "सांधेदुखीची पावडर" घेऊ नये. तिने दुसऱ्याच दिवशी जादूसारखा आराम पडला तर बहुधा त्यात स्टिरॉइड आहे, आणि आधीच विरळ होणाऱ्या हाडांसाठी ते सर्वांत वाईट.

यानंतरही जगणे असह्य असेल तर गोळी बदलता येते, हे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. डॉक्टरांना सांगून दोन-तीन आठवडे थांबायचे, सांधे मोकळे झाले की अॅनास्ट्रोझोल 1 मिलिग्रॅम किंवा एक्झेमेस्टेन 25 मिलिग्रॅम सुरू करायचे. तिन्हींचे काम एकच असले तरी एक न सोसणाऱ्या कित्येक स्त्रियांना दुसरी सोसते. कारण मला नेमके सांगता येणार नाही, पण अनुभव तसा आहे. तिन्ही फसल्या तर टॅमॉक्सिफेन. ठरवून घेतलेला खंड आणि चोरून घेतलेला खंड यांत फरक एवढाच की पहिल्याला शेवट असतो.

टॅमॉक्सिफेनवर यायची वेळ आली तर तुमच्या आईंच्या बाबतीत एक गोष्ट सोपी आहे. या गोळीची सर्वांत मोठी धास्ती गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची असते, आणि ज्या बाईला गर्भाशयच नाही तिला ती धास्ती उरत नाही. ज्यांना पिशवी आहे त्यांच्यासाठी सांगते: पाळी गेल्यानंतर अंगावरून लाल गेले, अगदी डागापुरते जरी, तर दोन दिवसांत स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. पण काहीच त्रास नसताना दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करत बसू नका. टॅमॉक्सिफेनने अस्तर सोनोग्राफीत नुसतेच जाड दिसते, आणि त्या जाडीपायी विनाकारण क्युरेटिंग झालेल्या आणि शेवटी भीतीने गोळी सोडलेल्या स्त्रिया मी पुष्कळ पाहिल्या आहेत. ज्यांची पाळी चालू आहे त्यांनी गर्भ राहणार नाही याची पक्की सोय करावी, तीही तांबी किंवा निरोध अशी, गर्भनिरोधक गोळ्यांची नव्हे. टॅमॉक्सिफेन गर्भाला अपाय करते. पाळी अनियमित झाली म्हणजे गर्भ राहत नाही, असा समज करून घेऊ नये.

टॅमॉक्सिफेनचा दुसरा धोका रक्ताच्या गुठळीचा आहे आणि तो आईंनाही लागू होईल. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, अचानक धाप लागली किंवा छातीत कळ आली, तर उद्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. पंढरपूर, तुळजापूर अशा लांबच्या गाडीप्रवासात दर दोन तासांनी उतरून चार पावले चालावे. मोठी शस्त्रक्रिया ठरली तर सर्जनला ही गोळी चालू असल्याचे आधीच सांगावे. पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेली असेल तर टॅमॉक्सिफेन सहसा देत नाहीत.

औषधांच्या आपसातील भांडणांविषयी आपल्याकडे फार कमी बोलले जाते. टॅमॉक्सिफेन जशीच्या तशी फारशी प्रभावी नसते, यकृतात तिचे एन्डॉक्सिफेन बनते आणि काम मुख्यतः ते करते. उदासीनतेसाठी दिल्या जाणाऱ्या पॅरोक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन आणि ब्युप्रोपियॉन या गोळ्या हे रूपांतर अडवतात, तर व्हेनलाफॅक्सिन जवळजवळ अडवत नाही. मी वर सुचवलेली ड्युलोक्सेटिनही थोडी अडवते, म्हणून ती लेट्रोझोलसोबत ठीक असली तरी टॅमॉक्सिफेनवर गेल्यास पुन्हा विचार करावा लागतो. क्षयरोगाच्या उपचारातील रिफाम्पिसिन मात्र टॅमॉक्सिफेनला शरीरातून इतक्या वेगाने काढून टाकते की ती घेऊन न घेतल्यासारखीच होते. एक्झेमेस्टेनचीही पातळी ती खाली आणते. क्षयरोगाचे आणि कर्करोगाचे दवाखाने वेगवेगळे असतात, फायली वेगवेगळ्या असतात, आणि दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असूनही रुग्णाचे नुकसान होते. फिट्सवरील फेनिटॉइन व कार्बामॅझेपिन यांच्याबाबतीतही तीच सावधगिरी. रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिन चालू असेल तर टॅमॉक्सिफेनने तिचा परिणाम धोकादायक वाढतो. एक शेवटची चूक घरगुती आहे: गोळी बदलली की जुनी उरलेली संपवून टाकू म्हणून दोन्ही एकदम घेतल्या जातात. टॅमॉक्सिफेन आणि लेट्रोझोल एकत्र घेऊन फायदा वाढत नाही. उरलेल्या स्ट्रिप डॉक्टरांकडे द्या.

हाडांबद्दल तुम्ही विचारले ते योग्यच केले. लेट्रोझोल सुरू करतानाच हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन व्हायला हवा होता. झाला नसेल तर आता करून घ्यावा आणि पुढे साधारण दोन वर्षांनी पुन्हा. अहवालात टी-स्कोअर उणे 2.5 किंवा त्याखाली असेल तर हाडे ठिसूळ झाली आहेत. कॅल्शियम दिवसाला 1,000 ते 1,200 मिलिग्रॅम हवे, पण ते आहारासकट. दूध-दही, नाचणीची भाकरी, तीळ यांतून जे मिळते ते वजा करून उरलेले गोळीने घ्यावे. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती आणि कॅल्शियम यांत चार तासांचे अंतर ठेवावे. ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची आठवड्याला एक मात्रा ठरावीक आठवड्यांपुरतीच असते. औषधाच्या दुकानातून ती वर्षानुवर्षे आणत राहणाऱ्यांमध्ये रक्तातील कॅल्शियम चढून उलट्या, बद्धकोष्ठ आणि मूत्रपिंडाचा त्रास झालेला मी पाहिला आहे.

हाडे विरळ निघाली तर दर सहा महिन्यांनी झोलेड्रोनिक अॅसिड 4 मिलिग्रॅम शिरेतून देतात. पाळी गेलेल्या स्त्रियांत ते हाडांत आजार परतण्याची शक्यताही थोडी कमी करते, म्हणून मला ते आवडते. पहिल्या वेळी दोन दिवस ताप आणि अंगदुखी येते, तिला भिऊ नये. देण्याआधी मूत्रपिंडांची स्थिती दाखवणारे क्रिएटिनिन तपासावे आणि दातांच्या डॉक्टरांना दाखवावे, कारण हे औषध चालू असताना दात काढला तर क्वचित जबड्याचे हाड भरून येत नाही. आई मिश्री लावत असतील तर दातांची तपासणी अजिबात टाळू नका. किडलेले, हलणारे दात आधी काढून, जखम भरल्यावरच औषध द्यावे. मिश्री ही तंबाखूच आहे, हेही या निमित्ताने सांगून ठेवते. सहा महिन्यांनी कातडीखाली घेण्याचे डेनोसुमॅब हे दुसरे चांगले औषध आहे, परंतु ते मध्येच बंद केले तर हाडे झपाट्याने विरळ होऊन मणके मोडू शकतात, म्हणून पुढच्या मात्रेची खात्री नसेल तिथे ते सुरूच करू नये.

एका त्रासाबद्दल तुम्ही लिहिलेले नाही, आणि मुलीने ते लिहावे अशी अपेक्षाही नाही. पण आईंशी त्यांच्या वयाच्या कोणीतरी बोलावे. या गोळ्यांनी योनिमार्ग कोरडा पडतो, जळजळ होते, लघवीला पुन्हापुन्हा जावे लागते, आणि नवरा-बायकोच्या नात्यात अबोला येतो. कित्येक स्त्रिया सांधेदुखीचे कारण पुढे करतात, पण गोळी सुटते ती यामुळे. यावर इस्ट्रोजेन नसलेली ओलावा देणारी जेल नियमित वापरावी. इस्ट्रोजेनचे मलम कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय, विशेषतः लेट्रोझोलसोबत, वापरू नये. गरम वाफांसाठी कोणी टिबोलोन हे संप्रेरकासारखे काम करणारे औषध लिहून दिले तर ते घेऊ नये. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रियांत त्याने आजार परतण्याचे प्रमाण वाढल्याचे चाचणीतच दिसले आहे.

शतावरी कल्पाचे उत्तर नाही असे आहे. शतावरीत इस्ट्रोजेनसारखे वागू शकणारे घटक आहेत, आणि इस्ट्रोजेन शेवटच्या थेंबापर्यंत कमी करण्यासाठी एक गोळी घ्यायची आणि चमच्याने दुसरीकडून तसलाच पदार्थ घालायचा, यात अर्थ नाही. "हार्मोन बॅलन्स" असे लिहिलेली चूर्णे आणि सोयाबीनचे अर्क असलेल्या कॅप्सूल यांनाही हेच लागू. जेवणातले सोयाबीन, सोया चंक्सची भाजी, टोफू यांची मात्र भीती नको. मावशींचा हेतू चांगला आहे, त्यांना दुखवू नका. शतावरीऐवजी त्यांना रोजच्या चालण्याला सोबत नेता आले तर बघा.

रोजच्या सवयीबद्दल थोडेसे. लेट्रोझोल, अॅनास्ट्रोझोल आणि टॅमॉक्सिफेन उपाशीपोटी किंवा जेवून, कशाही चालतात, त्यामुळे एकादशी वा नवरात्राच्या उपासाला त्या सोडण्याचे कारण नाही. एक्झेमेस्टेन तेवढी खाल्ल्यानंतर घ्यायची असते, उपासाला खिचडी किंवा भगर खाऊन घ्यावी. एक दिवस विसरला तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्यावी, दुसऱ्या दिवशी आठवले तर सोडून द्यावी. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची स्ट्रिप दिली तर नावाखालचे औषधाचे मूळ नाव आणि मिलिग्रॅम जुन्या स्ट्रिपशी ताडून पाहावे. वर्षातून एकदा कोलेस्टेरॉल तपासावे, कारण लेट्रोझोलवर ते चढते.

गोळी किती वर्षे घ्यायची, हे आत्ता ठरवण्याची गरज नाही. पाच वर्षे नक्की. काखेत आजार असल्याने त्यापुढचा प्रश्न येईल. ऑस्ट्रियातील एका अभ्यासात पाच वर्षांनंतर आणखी दोन वर्षे आणि आणखी पाच वर्षे घेणाऱ्यांत आजार परतण्यात फरक पडला नाही, हाडे मात्र दुसऱ्या गटात अधिक मोडली. त्यामुळे सरसकट दहा वर्षे असे मी सांगत नाही. तेव्हाची हाडे, तेव्हाचे सांधे आणि आईंची तेव्हाची इच्छा पाहून ठरेल.

या आठवड्यात जाल तेव्हा जुने डिस्चार्ज कार्ड, बायॉप्सीचा अहवाल आणि न उघडलेल्या सगळ्या स्ट्रिप सोबत न्या. डॉक्टरांना आधी सांगा की गोळी दीड महिना बंद आहे, म्हणजे ते रक्ताचा अहवाल त्या नजरेने वाचतील, मग विचारा, "आईंचे अंडाशय आहेत का, आणि असतील तर ते काम करत आहेत का?" अहवालाला वेळ लागणार असेल तर रक्त दिल्यानंतर तोवर टॅमॉक्सिफेन द्यावे का, हेही त्याच भेटीत विचारून घ्या. आणि खोलीत शिरल्यावर बोलणे तुम्ही सुरू केलेत तरी दुखण्याचे वर्णन आईंनाच करू द्या. बोटे सकाळी किती वेळ मिटत नाहीत, भाकरी थापता येते की नाही, हे त्यांच्याच तोंडून ऐकले म्हणजे समोरच्याला औषध निवडता येते.